हॅनिगनांची उत्तरेकडची भिंत

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत पहिल्या आठवड्यात तीनच प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का, मुलाचं घर केवढं आहे, आणि वजन एवढं कसं वाढलं. तिन्हींची उत्तरं मी जिन्यातच देऊन मोकळा झालो. पण तीन महिन्यांच्या मुक्कामात मी सगळ्यात मन लावून काय पाहिलं असेल, तर ती एक भिंत. तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून शेवटी स्वतःच लिहायला बसलो.

मी सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या आणि विश्रामगृहं यांत गेली. त्यामुळे एक खोड लागली आहे. कुणाकडेही गेलो की आधी जोतं पाहतो, मग माणसं. हिला पाहायला गेलो होतो तेव्हाही मी सासऱ्यांच्या घराच्या तुळयाच पाहत होतो, असं ही येईल त्या पाहुण्याला सांगते. ते खरं आहे. तुळया सागवानी होत्या.

आमचा मंदार मिशिगनमध्ये नोव्हायला असतो, मोटारींच्या कंपनीत. २००७च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. त्याच्या ऑफिसातला पॅट हॅनिगन हा त्याचा मित्र. या हॅनिगन मंडळींचं मूळ आयर्लंडमधलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात. पॅटचे खापरपणजोबा इकडे आले, अमेरिकेतल्या यादवी युद्धात कॅप्टन झाले आणि लढाई संपल्यावर निवडणुकीला उभे राहून राज्याच्या विधिमंडळात गेले. तेव्हापासून घराण्याची रीतच पडली, थोरला सैन्यात आणि धाकटा राजकारणात. आयर्लंडमधलं वडिलोपार्जित घर कधीच पडलं. पण कॅप्टनसाहेबांनी ते डोक्यात ठेवून अगदी तसंच दुसरं घर मिशिगनच्या आयरिश हिल्स भागात बांधलं. मंदारने जेवताना सहज सांगितलं की ते घर दगडी आहे. झालं. माझं जेवणातलं लक्षच उडालं.

पॅटचं बोलावणं ईमेलने आलं. “शुक्रवारी चार वाजता या, रविवारी दोनपर्यंत राहा.” ही ते वाचून थक्क झाली. आपल्याकडे पाहुण्याला कधी येणार विचारतात, कधी जाणार विचारलं तर जन्माचं वैर. पण मला ती पद्धत आवडली. आमच्या हिच्या मावसभावाला असं पत्र एकदा तरी धाडायला हवं होतं.

शुक्रवार

सूनबाईला ऑफिसचं काम होतं, म्हणून आम्ही तिघेच निघालो. मंदारने गाडीतच बजावलं, “बाबा, प्लीज, तिथे जाऊन इन्स्पेक्शन सुरू करू नका. जस्ट रिलॅक्स करा.”

इंटरनेटवरून छापून घेतलेल्या रस्त्याचं दुसरं पान घरीच प्रिंटरवर राहिलं होतं. त्यामुळे पहिलं पान संपलं तिथे आमचंही ज्ञान संपलं. मक्याच्या शेतांमधून अर्धा तास फिरलो, एका अनोळखी बाईच्या अंगणात गाडी घातली. तिने हातातली कामं टाकून स्वतःची गाडी काढली आणि आम्हाला हॅनिगनांच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. आभार मानेपर्यंत वळलीसुद्धा. हिने खिडकीतून पुढे केलेली चकलीची पुडी हातातच राहिली.

घर मात्र पाहत राहावं असं. दुमजली, शेतात नांगरताना निघालेल्या गोट्यांचं. काळे, तांबूस, राखी, मधूनच एखादा हिरवट. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या कमानींना भाजक्या विटा. पुढे लाकडी ओसरी, खाली उतरत गेलेलं गवत आणि टोकाला तळं. दारात पॅटबरोबर त्याची आई उभी होती, नोरा. वय शहात्तर, बांधा काटक, केस पांढरेशुभ्र. तिच्यामागे तिचा दीर टॉम, सहा फुटी, लालबुंद, हसरा. तो वीस वर्षं आमदार होता हे त्याने सांगायच्या आधीच कळलं, कारण त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं नाव घेईना.

मी सवयीने दारात बूट काढले. नोराने माझ्या पायांकडे पाहिलं, आत गेली आणि लोकरीच्या सपाता घेऊन आली. “माझ्या नवऱ्याच्या आहेत,” ती म्हणाली. “फरशी गार असते.” परक्या घरात, वारलेल्या माणसाच्या सपाता घालून फिरताना मला अवघडल्यासारखं झालं, पण तिला बरं वाटलेलं दिसलं.

आम्ही शाकाहारी आहोत हे पॅटने कळवलं होतं. रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, सोडा घालून भाजलेला घरचा जाड पाव आणि वाफवलेला कोबी. कोबी फारच चविष्ट. हिने दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि मंदारकरवी नोराला कृती विचारली. “काही नाही, मांस अजिबात नाही,” नोरा म्हणाली, “फक्त वासापुरतं थोडं बेकन.” मंदार खाली मान घालून हसायला लागला. हिने चमचा ठेवला, मग नोराचा चेहरा पाहिला आणि शांतपणे पुन्हा उचलला. त्या घासावरून हिला मी अजून चिडवतो. चकल्या मात्र टॉमने बिअरबरोबर एकट्याने संपवल्या.

शनिवार

सकाळी सगळे उठायच्या आत मी घराला प्रदक्षिणा घातली. मंदारला दिलेला शब्द रिलॅक्स होण्याचा होता, न पाहण्याचा नव्हता.

तीन भिंती ठणठणीत. उत्तरेकडच्या भिंतीला मात्र पोट सुटलेलं. दोन खिडक्यांच्या मधोमध चांगला चार बोटं फुगवटा आणि वरून खाली तिरकी भेग. कमानीच्या विटांचे पापुद्रे सुटून खाली लाल चुरा साचलेला. दोन दगडांमधल्या सांध्यात माल भरतात, त्याला आम्ही दर्जा भरणं म्हणतो. बाकी तीन भिंतींच्या दर्जा पांढरट, मऊ होत्या. या भिंतीच्या करड्या आणि कडक. सिमेंट. हे दुखणं मी ओळखत होतो.

खात्री करायला तळघरात उतरलो. तिथे जोत्यात मूळचा माल उघडा होता. किल्लीने जरा खरवडला, बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. आमचे जुने गवंडी असंच करत. चुना जिभेला धरतो, सिमेंट नुसतं कचकचतं. हा चुना होता, आणि दीडशे वर्षांनीही उत्तम. आणखी एका ठिकाणचा चाखत होतो, तोच मागून आवाज आला.

“नाश्ता आठ वाजता आहे,” नोरा पायरीवरून म्हणाली, “पण फारच भूक लागली असेल तर पाव देते.”

मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत खुलासा केला. ती हसली नाही. पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. एका बांधकामवाल्याने भिंत पाहून लेखी दिलं होतं की इमारत जुनी झाल्याने भिंत खचली आहे, घर उतरवावं. तळ्याकाठची जागा घ्यायला एक गिऱ्हाईक तयार होतं, त्याला घर नकोच होतं. टॉमच्या मते विकावं. पॅट मधल्यामध्ये अडकलेला. रविवारी चर्चहून आल्यावर तिघं बसून काय ते ठरवणार होते.

“टॉमचं चूक नाही,” ती म्हणाली. “उद्या भिंत कुणाच्या अंगावर पडली तर? पण माझा नवरा कोरियाहून या घरी परत आला. आता पॅटचा मुलगा केव्हिन इराकमध्ये आहे. तो येईल तेव्हा त्याला परत यायला हे घर असावं, एवढंच मला वाटतं.”

मी विचारलं, बाहेरून सिमेंट कुणी भरलं?

“टॉमने,” तिचा चेहरा उजळला. “सासूबाईंच्या पंचाहत्तरीला, तीस वर्षांपूर्वी. नुकता निवडून आला होता. त्या बाजूने वारा येतो म्हणून आई कुरकुरायची. माणसं लावता आली असती, पण स्वतः शिडीवर चढून उन्हाळाभर भरलं. आई खाली खुर्ची टाकून बघत बसायची.”

त्याच सिमेंटने भिंत बिघडली होती, पण ते तिला सांगवेना; किल्ली खिशात टाकून मी नाश्त्याला वर गेलो.

दुपारी टॉम मला तळ्याकडे फिरायला घेऊन गेला. वाटेत त्यांचं छोटं कब्रस्तान, त्यात निम्म्या दगडांवर पलटणींची नावं आणि निम्म्यांवर मतदारसंघांची. राजकारणावर आमचं चांगलं जमलं. मी त्याला आमच्याकडे मंत्री येणार म्हणून रात्रीत रस्ते कसे होतात ते सांगितलं, तर तो म्हणाला की इथेही तसंच असतं, फक्त रस्ता दिवसा करतात. काठावर झुडपांत एक दगडी खड्डा होता. “कॅप्टनसाहेबांची बटाट्याची कोठी,” टॉम म्हणाला. मी वाकून पाहिलं. आतले दगड भाजून काचेसारखे झालेले, तळाशी पांढरी माती. बटाटे कसले, ती चुन्याची भट्टी होती. तळ्यातली चुनखडीची माती काढायची आणि इथेच भाजायची. सबंध घर या खड्ड्यातून उभं राहिलं होतं. मी सांगितल्यावर टॉम गुडघ्यांवर बसून आत हात घालून बघत राहिला.

सांगायचं असेल तर हीच वेळ, असं मनाशी म्हणून मी तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, “भाऊ लढाईवर गेला. मी भाषणं केली. या घरासाठी हातांनी म्हणून मी एकच गोष्ट केली, ती भिंत. तीच नेमकी चाललीय.”

आता या माणसाला काय सांगायचं? मी तळ्यातल्या बदकांची चौकशी केली.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघंच होतो, तेव्हा हिला सगळं सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या बंगल्याचं सांगा की त्यांना.”

तो बंगला तोवर फक्त हिला माहीत होता. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

नोकरीला पाच-सहा वर्षं झाली होती. घाटमाथ्यावरचं एक जुनं विश्रामगृह माझ्याकडे होतं, दगडचुन्याचं. मंत्री मुक्कामाला येणार, भिंतींना ओल दिसते, लवकर आटपा असा हुकूम आला. गणपत म्हणून म्हातारा गवंडी होता. तो म्हणाला, “साहेब, हिला घाम येतो. पुसायला जागा ठेवा. सिमिट नका भरू.” मला इंजिनियर होऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे सगळं कळत होतं. मी आठ दिवसांत सगळ्या दर्जा सिमेंटने बंद केल्या. भिंत चकाचक. तिसऱ्या पावसाळ्यात ती मधोमध फुगली आणि एका सकाळी खानसाम्याच्या खाटेवर कोसळली. खानसामा नुकताच उठून चहाचं आधण ठेवायला गेला होता म्हणून वाचला. चौकशीचा अहवाल मीच लिहिला. “इमारत जुनी झाल्याने भिंत खचली.” खाली माझी सही. गणपतने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही त्याला कधी काही बोललो नाही. पुढे तो गेला.

रविवार

चर्चहून आल्यावर मोठ्या खोलीत कॅप्टनसाहेबांच्या तसबिरीखाली मंडळी बसली. आम्ही पाहुणे म्हणून बाहेर जायला उठलो, पण नोरा म्हणाली बसा, लपवण्यासारखं काही नाही. टॉमने बांधकामवाल्याचं पत्र वाचून दाखवलं, आणि मंदार हिला ते हळू आवाजात मराठीत सांगत होता. इमारत जुनी झाल्याने भिंत खचली, हे वाक्य आलं आणि ही माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “तुम्ही बोलताय का मी बोलू?”

हिचं इंग्रजी ‘थँक यू’च्या पुढे जात नाही, पण ही बोललीच असती. मी उभा राहिलो. मंदारला म्हटलं, अडलो तर तू सांग.

भिंतीचं नावही काढलं नाही. बंगल्याचंच सांगितलं. मंत्री, गणपत, आठ दिवस, खाट, अहवाल. इंग्रजी संपलं तिथे मराठीत बोललो, आणि मंदार सांगत गेला. त्यालाही हे नवीनच होतं. अहवालाच्या वाक्याशी आल्यावर तो थांबला, “बाबा, हे तुम्ही लिहिलंत?” मी म्हटलं, हो, सांग त्यांना. शेवटी एवढंच म्हणालो, की दगड आणि चुना म्हातारे होऊन पडत नाहीत. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी असते. आमच्याकडे ते पाणी पावसाचं होतं, तुमच्याकडे ते हिवाळ्यात गोठत असेल, आणि गोठलं की फुगत असेल. मी ती वाट बंद केली होती. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही.

टॉमचा लाल चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, या घराचं अन्न खाऊन मी त्यांच्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावलं. तो उठला आणि खोलीबाहेर गेला. पॅट त्याच्यामागे जायला निघाला, नोराने हाताने थांबवला.

थोड्या वेळाने बाहेरून ठोकण्याचा आवाज यायला लागला.

आम्ही सगळे उत्तरेच्या बाजूला धावलो. टॉमने छिन्नी-हातोडी घेतली होती आणि छातीच्या उंचीवरची एक दर्जा फोडत होता. सिमेंटची वीतभर खपली निघाली. दहा दिवसांत पाऊस नव्हता, गवत पिवळं पडलं होतं, आणि आतला चुना काळा आणि ओलाकच्च. त्याने बोट घातलं, बोट भिजून आलं. ते त्याने नोरापुढे धरलं.

“हे मी केलं,” तो म्हणाला. “तीस वर्षं ही रडतेय, आणि मी म्हणतोय ती म्हातारी झाली.”

नोराने त्याचं बोट स्वतःच्या झग्याला पुसलं. “आईला वारा लागायचा थांबला होता, टॉम,” ती म्हणाली. “ती खूष होती. तेही खरं आहे.”

मला गणपतची आठवण झाली आणि डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत. या वयात लपवून काय करायचं?

पण नुसतं रडून भिंत उभी राहत नाही. मी स्पष्ट सांगितलं, ही वाचेलच असं मी म्हणत नाही. अजून सरकते आहे की थांबली, ते आधी कळायला हवं. भिंतीला लाकडाचे टेकू द्या, थंडीच्या आत सगळं सिमेंट काढा, चुना भरा. आणि आमच्या खात्याची एक जुनी युक्ती केली. तळघरात मोडक्या खिडकीची काच होती, तिची बोटभर रुंद पट्टी कापली आणि भेगेवर आडवी, दोन्ही टोकं प्लॅस्टरने घट्ट बसवली. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकणार. टॉमने त्या काचेवर नखाने टिचकी मारून पाहिली. मग आमदाराने प्रस्ताव मांडावा तसं सगळ्यांना म्हणाला, “वसंतापर्यंत थांबू. मिशिगनचा एक हिवाळा जाऊ दे. काच फुटली तर विकू. मग नोरा, तू काही बोलायचं नाहीस.”

“आणि नाही फुटली तर तू काही बोलायचं नाहीस,” नोरा म्हणाली.

त्यावर हात मिळवले गेले. आम्ही निघालो तेव्हा टॉम शिडीवर होता आणि शिडी पॅटने धरली होती. ती पोटातून धरून काय उपयोग, पायाशी धर, असं मी गाडीतून ओरडलो. मंदार म्हणाला, “बाबा, बास.” पण तो हसत होता, आणि नोव्हाय येईपर्यंत त्याने मला त्या बंगल्याबद्दल नाना प्रश्न विचारले.

सातारा

परत आल्यावर हिवाळाभर मी मिशिगनचं हवामान पाहत होतो. इथे स्वेटरही लागत नव्हता आणि मी मंदारला फोनवर बर्फाची जाडी विचारायचो. तो म्हणायचा, “बाबा, तुम्ही माझी कधी एवढी चौकशी नाही केलीत यार.” डिसेंबर गेला, जानेवारी गेला. पॅटला विचारायचा मला धीर होत नव्हता. बातमी चांगली असती तर त्याने आपणहून कळवली असती, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी पेपर वाचत असताना फोन वाजला. पलीकडे खणखणीत आवाज.

“मी टॉम बोलतोय. बर्फ सगळा वितळला. आत्ता भिंतीपाशीच उभा आहे.” मग जरा थांबला. भाषणं करणाऱ्या माणसांना ही सवयच असते, पण माझा जीव गेला. “काच शाबूत आहे. केसाएवढीसुद्धा रेघ नाही. नोराने केव्हिनला पत्रात कळवलंय, घर आहे म्हणून.”

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक मराठीतच बोललो असणार. फोन ठेवला, खुर्चीत बसलो आणि हुंदका आला.

ही स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. “अहो, काय झालं? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही,” मी म्हटलं. “उभी आहे.”